हौशीराम दहा दिवस गप

घशाच्या डॉक्टरनं माझ्या नरड्यात नळी घातली, पडद्यावर बघितलं आन् विचारलं, "आजोबा, तुम्ही काम काय करता?"

आजोबा! अठ्ठावन्न वर्षांचा गडी मी. आन् नारायणगावात दवाखाना थाटून बसलेल्या माणसाला हौशीराम काय करतो ते ठाऊक न्हाई! मी बैलगाड्याच्या घाटातला निवेदक हाय. खालून चार बैलांचा गाडा सुटतो, वर चढाच्या शेवटाला चुन्याची रेष असती, आन् बैल किती सेकंदांत ती रेष गाठतात त्यावर सगळा खेळ. एका गाड्याच्या पळण्याला आमी बारी म्हणतो. बारी असती बारा-तेरा सेकंदांची. तेवढ्या सेकंदांत मी गाडामालकाचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव, चारी बैलांची नावं आन् वरून एक शेर बसवतो. सव्वीस वर्षं बसवतोय. मधी शर्यतींवर बंदी आली तेवढी वर्षं सोडा, त्या काळात मी लग्नात बोलायचो.

हे सगळं मी डॉक्टरला सांगायला तोंड उघडलं, तर घशातून दार कुरकुरल्यासारखा आवाज आला.

"आवाजाच्या पडद्यावर गाठ आलीय," डॉक्टर म्हणाला. "साधीच आहे. दहा दिवस एक शब्द बोलू नका. कुजबुजायचंही नाही, ते जास्त वाईट."

मी हातानं विचारलं, खोकला आला तर?

"खोका. पण त्यात शब्द नको."

"आन् न्हाई जमलं तर?" हे साळुबाईनं विचारलं. साळुबाई म्हणजे माझी बायको.

"मग ऑपरेशन. त्यानंतरही आवाज येईल. पण तो यांचाच वाटेल, असं सांगता येत नाही."

आमच्या गावची यात्रा तेराव्या दिवशी व्हती. साळुबाईला मात्र हसू आवरंना. ती डॉक्टरला म्हणाली, "दहा दिवस? हे? त्यापरीस दुसरं काय औषध असंल तर द्या की वो."

पहिल्या दिवशी मी सकाळी अकरापर्यंत टिकलो. अकराला आमच्या गल्लीत एक टेम्पोवाला मागं घेत आला आन् त्यानं माझ्या डोळ्यादेखत माझा नळाचा पाइप मोडला. आता ह्यावर कुठला संत गप बसंल? मी त्याला एकच शब्द बोललो. तो शब्द हितं लिहिण्याजोगा न्हाई. "मोडलं," साळुबाई म्हणाली, आन् ती पाइपाबद्दल बोलत न्हवती.

माझी सून वृषाली बीकॉम हाय. ती म्हणाली, "मामा, गप बसायचं शिकवणारी माणसं असतात. बुद्धाचं ध्यान म्हणतात त्याला. दहा-दहा दिवस बोलतच नाहीत ते लोक. थांबा, मी मोबाइलवर शोधते." दुसरा आख्खा दिवस ह्या शोधण्यात गेला.

आधी तिनं एक ॲप घेतलं. त्यात एक बाई लई गोड आवाजात बोलायची. श्वास आत घ्या, आता सोडा, आता खांदे सैल सोडा, आता कपाळ सैल सोडा. पंधरा मिनिटं बाई थांबंना. गप बसायचं शिकवती आन् स्वतः एक क्षण गप न्हाई! हिला घाटात उभी केली तर मला काम उरायचं न्हाई, असं मला वाटलं आन् जीवच जळाला.

मग एक व्हिडिओ. त्यात परदेशातले एक भंतेजी झाडाखाली बसलेले, आन् मराठीत दुसऱ्याच कुणाचा आवाज. "आता मन हळूहळू शांत होत आहे," ते म्हणाले, आन् मधीच जाहिरात आली, "कांद्यावर करपा? घाबरू नका!" मी घाबरलोच. माझ्या कांद्यावर खरंच करपा व्हता. पुढं ध्यान कसलं लागतंय, मी उठून वावरात गेलो.

एक पुस्तकबी सापडलं, चारशे बारा पानांचं. त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं की हे वाचून येत नाही. वृषालीनं तिथंच बंद केलं. दहा दिवसांच्या शिबिराचा फॉर्मबी भरला. त्यात प्रश्न व्हता, यापूर्वी मौन पाळले आहे काय? तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, "अकरा वाजेपर्यंत." जागा आषाढात निघणार व्हती. आमची यात्रा चैत्रात.

तेवढ्यात गेणभाऊ आला. गेणभाऊ माझा लंगोटीयार, यात्रा कमिटीचा अध्यक्ष आन् स्वतः गाडामालक. त्याच्या डोक्यात कायम भलताच उजेड पडतो. "अरं हौशा, जग कशाला शोधतोस? आपल्या जुन्नरला डोंगरात किती लेणी हायेत! दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाची माणसं ह्याच कामासाठी तिथं बसायची. दगडाचे ओटे तयार हायेत. जाऊन बस." मला ते पटलं. त्यानं मला गाडीवर घालून नेलं. लेण्यात आमच्या आधी चार पोरी सेल्फी काढत व्हत्या, छताला आग्या मोहोळ व्हतं आन् ओट्यावर वटवाघळांनी घातलेला सडा. त्या पोकळीत आपला आवाज कसा घुमंल, एवढाच विचार माझ्या मनात यायला लागला. मी छाती भरून घेतली, तसा गेणभाऊनं माझ्या तोंडावर हात दाबला आन् मला तसाच खाली आणला. पार्किंगवाल्याला वाटलं मला धरून नेतायत.

घरी आलो तर प्रतिभा सिस्टर साळुबाईची शुगर तपासत बसल्या व्हत्या. सिस्टर म्हणजे आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स. तीन वर्षं झाली रिटायर होऊन, पण अजून गावात बोट टोचायला त्याच. वृषाली त्यांना सगळी रडकथा सांगत व्हती, कुठं कुठं शोधलं आन् काय काय झालं. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं, पट्टी डब्यात टाकली आन् म्हणाल्या, "दहा दिवसांचं शिबिर मी अकरा वेळा केलंय. रोज सकाळी सातला विहारात बसते. सोळा वर्षं झाली."

"कुठल्या विहारात?" गेणभाऊनं विचारलं. "पुण्याच्या का?"

"ओढ्यापलीकडच्या. तुमच्या ह्या ओट्यावरून दिसतो की."

आमी चौघांनी माना वळवल्या. दिसत व्हता खरा. निळ्या-पांढऱ्या रंगाचा, वर पंचरंगी झेंडा. माझ्या घरापासून धोंडा मारला तर तिथं पोचंल एवढ्यावर. आता खरं सांगतो, लपवत न्हाई. मी यात्रेचं आवतन घेऊन आख्खं गाव पालथं घालतो, मळ्यातली घरंसुद्धा सोडत न्हाई, पण ओढा कधी ओलांडला न्हवता. वस्तीवाले येतातच की यात्रेला, त्यांना काय सांगायचं, असं आमी धरून चालायचो. वृषाली मोबाइल खालीवर करत पुटपुटली, "यात तर दाखवत नाही." जसं काय त्यात दाखवलं असतं तर आमी गेलो असतो.

"मी गुरू वगैरे नाही हां," सिस्टर म्हणाल्या. "मी नुसती बसते. तुम्ही शेजारी बसा. दिवसभर घरी मौन पाळायचं आणि सकाळी तासभर तिथं. पण पाटीवर लिहून बोलायचं नाही, हातवारे करून भांडायचं नाही. तेही बोलणंच."

उद्यापासनं दहा दिवस मोजले तर ते यात्रेच्या आदल्या दिवशी संपत व्हते. एक दिवस इकडं-तिकडं झाला की गेलं.

पण तिथं जायचं कसं, ही एक वेगळीच भानगड निघाली. ओढ्याची वाट उसातून जाती. उसात बिबट्या. आमच्याकडं उसातून जाताना माणूस मोठमोठ्यानं बोलत जातो न्हाईतर फोनवर गाणी लावतो, म्हणजे जनावर बाजूला होतं. माझ्या फोनवर सगळी माझीच निवेदनं, ती ऐकली की मला बोलावंसं वाटतं. शेवटी साळुबाईनं गोठ्यातून बैलाची घुंगरमाळ काढली आन् माझ्या गळ्यात घातली. "जावा," म्हणाली. मी छमछम करत उसातून गेलो, छमछम करत ओढा ओलांडला आन् तसाच विहाराच्या दारात उभा राहिलो. आत पाच-सहा माणसं डोळे मिटून बसलेली. एकानंबी डोळा उघडला न्हाई. सिस्टर तेवढ्या उठल्या, माझ्या गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली आन् सतरंजीकडं बोट केलं.

त्यांनी सांगितलेलं एवढंच व्हतं, की श्वास नाकातून आत जातो आन् बाहेर येतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. काय करायचं न्हाई, मोजायचं न्हाई, नुसतं बघायचं. मला वाटलं, ह्यात शिकवण्यासारखं काय हाय? मी डोळे मिटले आन् माझ्या डोक्यात लगीच माईक चालू झाला. "सुटलाय, सुटलाय! उजव्या नाकपुडीतनं हौशीरामाचा श्वास सुटलाय! डावीकडनं काहीच न्हाई! डावी बसलीय का काय!" पाच मिनिटांत मी घामाघूम. पाय झोपले, पाठीत उसण भरली, नाकावर माशी. माझ्या जन्मात मी एवढा दमलो न्हवतो.

दोन दिवसांत गावभर झालं, की हौशीराम गप बसलाय. तिसऱ्या दिवशी सकाळी गेणभाऊ विहाराच्या बाहेर आला. एकटा न्हाई, कमिटीतली वीसेक माणसं घेऊन, आन् घाटातली दोन्ही स्टॉपवॉच घेऊन. मी न हलता किती वेळ बसतो ते मोजायचं त्यांनी ठरवलं व्हतं. आता सेकंद मोजणं हे आमच्या रक्तातच हाय, त्याला कोण काय करणार. खिडकीतनं त्यांचं सगळं ऐकू यायचं.

"चार मिनिटं अकरा सेकंद! हलला, हलला! कान खाजवला!"

"कान धरायचा का रं नियमात?"

"न्हाई, बूड हललं तरच बारी बाद."

मग गेणभाऊला राहवंना. त्यानं तिथंच, माईक नसताना, निवेदन चालू केलं. "आन् बसलेले हायेत, मागच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच गप बसलेले हायेत, आपले सर्वांचे लाडके..." निवेदन म्हणजे नुसता भुसा. न लय, न दम. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असं बोलतात व्हय? पण काय करता, तोंड उघडलं तर आवाज जायचा.

सिस्टर शांतपणे उठल्या, बाहेर गेल्या आन् म्हणाल्या, "आत येऊन बसायचं असेल तर या. नाहीतर गप घरी जा."

बाकीचे पळाले. सात जण चपला काढून आत आले, बिचकत, घड्याळ खिशात घालून. मी डोळ्याच्या फटीतनं बघत व्हतो. त्यातल्या एकानंबी आजवर त्या दारात पाय ठेवलेला न्हवता. दहा मिनिटांत चार जण घोरायला लागले, आन् गेणभाऊ त्यात पहिला. वस्तीतली एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. सिस्टरांनी सगळ्यांना तसंच झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी सातच्या सात परत आले. झोप चांगली लागती म्हणाले.

पाचव्या दिवशी मात्र वेगळंच घडलं. मी श्वास बघत बसलो व्हतो आन् डोक्यात आख्खा घाट उभा राहिला. एकेक बारी सुटायला लागली. मी आतल्या आत नावं घेत व्हतो, न चुकता, गाडामालक, बाप, आज्जा, गाव, बैल. कुणाचा नातू मंचावर बसलाय, कुणाचा जावई ओझरवरून आलाय, कुणी नारळ फोडला, सगळी नावं. मला माझाच अभिमान वाटला. बैल रेषेवर आले, वर लाल कापड हललं, घड्याळं थांबली आन् मी ओरडलो, "निशाण पडलं!"

आन् तिथंच मी अडकलो. निशाण पडलं? कसं पडलं? आपोआप?

ही गोष्ट नव्या माणसाला सांगायला पायजे. रेषेवर एक माणूस निशाण वर धरून उभा असतो. बैलांचे पाय रेषेला लागले की तो निशाण खाली टाकतो, आन् ते बघून घड्याळवाले घड्याळ थांबवतात. त्याचा हात पाव सेकंद चुकला तर राजा भिकारी होतो. सगळा घाट त्या हातावर. मला तो हात दिसत व्हता. पांढरी बाही, काळं मनगट. सव्वीस वर्षं तोच हात. त्यावरनं कधी भांडण झालेलं मला आठवंना, आन् आमच्याकडं तर चहाच्या कपावरनं डोकी फुटतात. पण नाव? आजवर मी माईकवर ते नाव कधी घेतलंच न्हवतं. आन् घेतलं असतं कुठून, मला ठाऊकच न्हवतं.

मी डोळे उघडले. समोर, मूर्तीच्या डाव्या बाजूला, भिंतीला न टेकता एक म्हातारा बसला व्हता. मी रोज त्याला बघत व्हतो आन् रोज माझी नजर त्याच्यावरनं घसरून जात व्हती. पांढरा सदरा. काळं मनगट. माशी त्याच्या गालावर बसली, भुवईवरनं चालत गेली, उडाली. माणूस हलला न्हाई. चार बैल अंगावर येत असताना जो पापणी लववत न्हाई, तो माशीला काय भीक घालणार!

आता मला ते नाव पायजे व्हतं. भूक लागावी तसं पायजे व्हतं. आन् विचारायची सोय न्हाई. सहाव्या दिवशी मी नियम मोडला, कबूल करतो. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, "निशाणवाल्याचं नाव काय?" साळुबाई वाचून म्हणाली, "कोण निशाणवाला?" वृषालीनं कपाळाला आठ्या घातल्या. गेणभाऊ म्हणाला, "आबा. निशाणवाला आबा." मी "आबा" शब्दावर काट मारली आन् खाली "नाव, नाव" लिहिलं. गेणभाऊ डोकं खाजवत बसला. कमिटीचा अध्यक्ष! त्यानं सरपंचाला फोन लावला. सरपंच म्हणाला, निशाणवाला आबा ना, चांगला माणूस हाय. यात्रेच्या पत्रिकेत झाडलोट करणाऱ्या मंडळाचं नाव व्हतं, फटाकेवाल्याचं व्हतं, बैलांपुढं घोडी पळवणाऱ्याचं व्हतं. हे न्हवतं.

मग मला लाज वाटली. साधीसुधी न्हाई, कान गरम झाले. मी ज्याच्या जिवावर "निशाण पडलं" म्हणून टाळ्या घेत आलो, तो माणूस चार हातांवर बसतो आन् मी त्याला ओळखायला पाच दिवस लावतो.

पुढचे चार दिवस मी बसलो. श्वासाबिसाकडं माझं लक्ष किती व्हतं ते मला विचारू नका. पण डोक्यातला माईक बंद पडला, हे खरं. दहाव्या दिवशी तास संपला, सिस्टर म्हणाल्या, "हौशीराम भाऊ, झालं. बोला आता." सगळे माझ्याकडं बघायला लागले. गेणभाऊनं तर मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं, घाटाच्या आवाजाचा पहिला शब्द म्हणून.

मी सिस्टरांना विचारलं, "ते कोपऱ्यात बसत्यात त्यांचं नाव काय?"

आवाज आला. बारीक, पण माझाच.

"सावळेराम," सिस्टर म्हणाल्या. "सावळेराम रखमाजी. माझे वडील. शांत बसायला मी त्यांच्याकडं बघूनच शिकले, शिबिरं नंतर केली." आन् वर असंबी म्हणाल्या, "माझ्या मुलीच्या लग्नाला तुम्ही आला होता, भाऊ. ओढ्याच्या तुमच्या बाजूला, मांडवात. माईकवर बोलायला."

सावळेराम आबा तवर सतरंज्या गुंडाळून निघून गेले व्हते.

डॉक्टरनं त्याच दुपारी नळी घातली. गाठ बसली व्हती. "पण लगेच घाटात ओरडायचं नाही," तो म्हणाला. "उद्या दहा मिनिटं बोला. तेवढीच."

दहा मिनिटं! घाट चालतो सकाळी सातपासनं दिवस मावळेपर्यंत. कमिटी हवालदिल झाली. पण वृषालीनं लई डोकं चालवलं. मागच्या वर्षांचे घाटाचे व्हिडिओ घेऊन तिनं माझ्या निवेदनाचे तुकडे केले आन् लॅपटॉपवर भरले. सुटला, आला, पडलं, अमक्याचं नाव, तमक्याचं नाव, शेर. यात्रेदिवशी मंचावर ती बटणं दाबत बसली आन् भोंग्यांतनं मी बोलायला लागलो. मी बाजूला खुर्चीवर गप, चहा पीत. लॅपटॉपमधला हौशीराम दोन वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाचं कौतुक करत व्हता. एका गाडामालकाच्या मेलेल्या बापाला त्यानं मंचावर यायची विनंती केली. कुणालाबी काय वाटलं न्हाई. लोक शिट्ट्या मारत व्हते, फेटे उडवत व्हते. मी नसलो तरी चालतंय, हे मला लई लागलं. आवाज वाचवायला मी दहा दिवस जीव काढला, आन् आवाज तर डब्यात भरून ठेवलेला.

दुपारी गेणभाऊची बारी आली. त्याचे बैल यंदा फॉर्मात व्हते, घाटाचा राजा, म्हणजे पहिला नंबर, तोच होणार असं सगळे म्हणत व्हते. तो माझ्याकडं आला. "हौशा, तुझी दहा मिनिटं मला दे. माझी बारी डब्यातल्या आवाजावर नको."

मी माईक घेतला, बिनवायरचा. वृषालीनं लॅपटॉप बंद केला. खाली जुपणी झाली. वर बघितलं तर रेषेवर सावळेराम आबा उभे, निशाण वर, नजर चुन्यावर. विहारात बसतात तसेच, फक्त उभे.

"भिर्र्र्र झाली!" गाडा सुटला आन् मी हाळी दिली.

काय सांगू राव, आवाज असा निघाला जसा बांध फुटला. घाट उसळला. लोकांना फरक कळला, डबा वेगळा आन् हौशीराम वेगळा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गेणभाऊ, गेणभाऊचा बाप, आज्जा, चारी बैल, सगळं मी पहिल्या सहा सेकंदांत बसवलं. बैल अर्ध्यावर आले. आन् शेराच्या जागी मी ते म्हणलं, जे म्हणायला पाचव्या दिवसापासनं तळमळत व्हतो.

"आन् निशाणावर उभे हायेत, ज्यांचा हात आजवर चुकला न्हाई, ते सावळेराम रखमाजी!"

आबांनी मान वळवली.

त्यांनी रेषेवरची नजर काढून मंचाकडं बघितलं. गेणभाऊचे बैल त्यांच्या शेजारनं वाऱ्यासारखे निघून गेले, रेष गेली, चुना उधळला आन् बैल पार पल्याडच्या वावरात घुसले. निशाण वरच. घड्याळवाले दोघं अंगठे उचलून निशाणाकडं बघत उभे, आन् घड्याळं चालूच. वीस सेकंद. तीस सेकंद.

मग जो कल्लोळ झाला! गेणभाऊ फेटा सावरत चढावर पळत निघाला, तोंडातनं शिव्या. कमिटी त्याच्यामागं. मी बी पळालो, माईक हातातच. सगळ्यांच्या आधी पोचलो कसा ते मला ठाऊक न्हाई. आबांच्या हातात निशाण अजून वर व्हतं. चेहरा पांढराफटक पडलेला. गेणभाऊ पोचला आन् ओरडला, "आबा, काय केलंत वो! कुठं बघत व्हता?"

आबांनी त्याच्याकडं बघितलंच न्हाई. ते माझ्याकडं वळले आन् हात जोडायला लागले, तर हातात निशाण.

"माईकवर माझं नाव आलं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्याकडनं काय चूक झाली. म्हणून बघितलं."

माईक चालू व्हता. माझ्या हातात, आमच्या दोघांच्या मधी. आठ भोंग्यांतनं ते आख्ख्या घाटाला ऐकू गेलं.

गेणभाऊच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. मंडपात कुणीतरी भांडं पाडलं, तेवढंच ऐकू आलं.

आबांनी निशाण खाली घेतलं, कापडाला पडलेला पीळ सोडवला, रेषेकडं बघितलं. "चुना परत टाकावा लागंल," ते म्हणाले. "मग सोडा बारी. मी हाय." आन् ते पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत व्हते. डॉक्टरनं दिलेल्या दहा मिनिटांतलं एक मिनिट बी सरलं न्हवतं. माईक हातात व्हता, गळा ठणठणीत व्हता, आन् मला काय बोलावं ते सुचंना.